दुसऱ्याचा देह पणाला

प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. केंद्र सरकारच्या एका खात्यांत तेहेतीस वर्षें चाकरी करून ते निवृत्त झाले. सरकारच्या आरोग्य योजनेचें कार्ड ते पाकिटांत फार जपून ठेवितात, आणि तें हरवलें तर पंचाईत नको म्हणून त्याची एक नक्कल त्यांनीं घरीं फडताळांतही ठेविली आहे. मध्यंतरीं त्यांच्या पत्नीच्या हृदयावर उपचार करण्याची पाळी आली, तेव्हां ते नेहमींच्या इस्पितळांत गेले. खिडकीपाशीं बसलेल्या तरुणानें कार्ड पाहिलें, संगणकांत कांहीं तपासलें, आणि अदबीनें सांगितलें, "काका, आतां आम्ही या योजनेच्या यादींत नाहीं. पैसे आधीं भरावे लागतील." गृहस्थांनीं ठेव मोडून पैसे भरले, उपचार झाले, बाई बऱ्या झाल्या. पुढें ही हकीकत त्यांनीं मला सांगितली तेव्हां त्यांचा सारा रोख पैशांवर नव्हता. ते एवढेंच म्हणाले, "मीं माझ्या बाजूनें कांहींच मोडलें नव्हतें हो."

हें वाक्य माझ्या मनांत बरेच दिवस घोळत राहिलें. सरकारनें तरी काय मोडलें होतें? योजना चालू होती. इस्पितळानें काय मोडलें होतें? त्याचा करार संपला होता, व तो पुन्हा करण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती. म्हणजे तिघांपैकीं कोणींही उघड वचनभंग केला नव्हता, आणि तरीही दिलेलें एक वचन त्या खिडकीपाशीं मोडून पडलें होतें. असें वचन मोडल्याचें पाप कोणाच्या पदरीं बांधावयाचें, हाच आजच्या विचाराचा विषय आहे.

प्रथम या वचनाचें स्वरूप पाहूं. नोकरी पत्करतांना मनुष्य केवळ पगाराचा आंकडा पाहत नाहीं. हातांत पडणाऱ्या रकमेबरोबर त्याला दोन आश्वासनें मिळतात: म्हातारपणीं निवृत्तिवेतन आणि आजारपणीं औषधोपचार. हीं आश्वासनें पाहूनच तो इतरत्र मिळूं शकणारें कांहीं सोडतो, आपल्या संसाराची आंखणी करितो, मुलीच्या लग्नास किती व घराला किती हें ठरवितो. तेव्हां आजारपणांतील उपचार ही धन्याची मेहेरबानी नव्हे. तो मागाहून चुकता करावयाचा पगारच होय. परंतु पगार आणि हें आश्वासन यांत एक मोठा भेद आहे. पगार सरकारच्या खजिन्यांत असतो व तेथून सरळ नोकराच्या हातीं येतो. उपचार मात्र सरकारच्या हातीं नसतो. तो डॉक्टरांच्या व इस्पितळांच्या हातीं असतो. म्हणजे वचन एकानें द्यावयाचें, दुसऱ्यानें त्याच्यावर विसंबावयाचें, आणि तें पाळावयाचें तिसऱ्यानें, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे.

ही व्यवस्था अमेरिकेंत सर्वांत अधिक वाढली, व म्हणून तिच्यांतील गुंताही तेथेंच सर्वांत स्पष्ट दिसतो. तिचा उगम मात्र फार साधा होता. १९२९ सालीं टेक्सस राज्यांतील डॅलस शहरीं बेलर विद्यापीठाच्या इस्पितळाचा कारभार जस्टिन फोर्ड किंबॉल यांच्याकडे आला. ते पूर्वीं त्याच शहरच्या शाळांचे अधीक्षक होते. इस्पितळाच्या वह्या पाहतांना शाळाशिक्षकांचीं न फिटलेलीं बिलें त्यांच्या दृष्टीस पडलीं. तेव्हां त्यांनीं शिक्षकांपुढें एक योजना मांडली: प्रत्येकानें दरमहा पन्नास सेंट द्यावे, आणि त्याबद्दल इस्पितळानें वर्षांतून एकवीस दिवसांपर्यंत त्याची शुश्रूषा करावी. पुढें ब्लू क्रॉस या नांवानें जो विशाल विमा-विस्तार झाला त्याचें बीज हें होय. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, हा करार सार्वजनिक शाळांच्या शिक्षकांचा, म्हणजे लोकांच्या नोकरांचा होता. आणि ज्यानें वचन दिलें त्याच्याच हातीं खाटा, औषधें व परिचारिका होत्या. वचन देणारा आणि पाळणारा एकच असल्यामुळें तो आपल्याच यादींतून गळून पडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

आज तसें राहिलें नाहीं. राज्य सरकार आपल्या नोकरांसाठीं योजना काढतें. ती चालविण्याचें काम विमा कंपनीकडे देतें. कंपनी इस्पितळांशीं वेगवेगळे करार करिते. ज्यांच्याशीं करार झाला तीं इस्पितळें 'नेटवर्क'मध्यें, म्हणजे यादींत. यादींतील इस्पितळ ठरलेला दर घेतें व रोग्याकडून त्याच्या ठराविक वाट्यापलीकडे मागत नाहीं. करार संपण्याच्या सुमारास दरांवरून घासाघीस सुरू होते. ती फिसकटली कीं इस्पितळ यादीबाहेर जातें. आणि मग तेथें उपचार घेणाऱ्याला एक तर फार मोठा वाटा स्वतः भरावा लागतो, नाहीं तर दुसरें इस्पितळ शोधावें लागतें. मोठ्या शहरांत हें जमेल. परंतु जेथें पन्नास मैलांच्या टापूंत एकच मोठें इस्पितळ आहे तेथील शाळामास्तरानें काय करावें?

यांत आणखी एक अन्याय दडलेला आहे, तो सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तेथील नोकराला आपली विमायोजना बदलण्याची मुभा साधारणतः वर्षांतून एकदांच, ठराविक दिवसांत मिळते. त्या वेळीं तो यादी पाहतो, आपलें इस्पितळ तींत आहे अशी खात्री करून घेतो, आणि वर्षभरासाठीं बांधला जातो. इस्पितळ व कंपनी मात्र आपला करार संपेल त्या दिवशीं मोकळीं होतात, मग तो दिवस वर्षाच्या मध्यावर कां पडेना. म्हणजे जो सर्वांत दुबळा तो एक वर्ष बांधलेला, आणि जे सबळ ते हवे तेव्हां सुटे! यादी पाहून ज्यानें योजना निवडली त्याला ती यादीच पुढें बदलेल असें बारीक अक्षरांत कळविलें होतें, हें उत्तर कायद्याला पुरेल. विवेकाला पुरणार नाहीं.

तरी दोन्ही पक्षांचें म्हणणें नीट ऐकून घेतलें पाहिजे. इस्पितळ म्हणतें, परिचारिकांचे पगार वाढले, औषधें महागलीं, वृद्धांसाठीं १९६५ सालीं कायद्यानें स्थापन झालेल्या मेडिकेअर योजनेकडून आम्हांस खर्चाइतकेंही मिळत नाहीं. ती तूट आम्ही इतरांकडून न भरावी तर कोठून भरावी? आणि तोट्याचा करार नाकारण्याचें स्वातंत्र्य जर वाण्याला आहे, तर आम्हांला कां नसावें? सरकार म्हणतें, आमच्या हातांतला पैसा आमचा नव्हे, तो करदात्यांचा आहे. इस्पितळ मागेल तें देत गेलों तर शाळांच्या दुरुस्तीसाठीं उरणार नाहीं, आणि ज्या शिक्षकाच्या नांवानें आम्ही देतों त्याच्याच पगारवाढीचा घांस जाईल. दोन्ही बोलणीं खोटीं नाहींत. खरा नैतिक पेंच नेहमीं असाच असतो. एक पक्ष दुष्ट व दुसरा साधु असता तर विचार करण्याचें कारणच नव्हतें.

नॉर्थ कॅरोलायना राज्यांत हा पेंच फार ठळकपणें दिसला. तेथील नोकरांच्या आरोग्य योजनेवर शिक्षक, राज्याचे कर्मचारी, निवृत्त लोक व त्यांचीं कुटुंबें मिळून सात लाखांहून अधिक माणसें अवलंबून होतीं. राज्याचे कोषाध्यक्ष डेल फोलवेल यांनीं एक सरळ प्रश्न विचारला: आपण भरीत असलेल्या बिलांचे दर काय ठरले आहेत? एका मोठ्या संस्थेकडून या संबंधांत त्यांच्या हातीं आलेल्या कागदांवर मजकूर काळ्या शाईनें झांकलेला होता. तेव्हां २०१८ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं जाहीर केलें कीं, २०२० पासून राज्य मेडिकेअरच्या दरांच्या ठराविक पटीनें पैसे देईल आणि तो दर सर्वांना उघड दिसेल. ज्यांस मान्य असेल त्यांनीं सही करावी. मोठ्या इस्पितळसंस्थांनीं सह्या केल्या नाहींत. महिन्यांमागून महिने गेले. दोन्ही बाजूंनीं पत्रकें निघालीं, आणि मधल्या काळांत लाखो कुटुंबांना पुढच्या वर्षीं आपलें इस्पितळ यादींत असेल कीं नाहीं हें ठाऊक नव्हतें. अखेर २०१९ च्या ऑगस्टांत कोषाध्यक्षांना माघार घ्यावी लागली. जुनी यादी पुढें चालू ठेवण्यांत आली.

कोषाध्यक्षांची मागणी न्याय्य होती असें माझें मत आहे. ज्याचे पैसे त्याला दर कळूं नये, ही गोष्ट कोणत्याही प्रामाणिक व्यवहारांत बसणारी नाहीं. तरीही या हकीकतींत मनाला खुपणारें कांहीं आहे. न्याय्य मागणीसाठीं जें दडपण आणावयाचें होतें त्याची धार कोठून येत होती? "तुम्हीं सही केली नाहीं तर आमचे सात लाख लोक तुमच्याकडे येणार नाहींत," यांतून. आणि इस्पितळांच्या नकाराला धार कोठून येत होती? "आम्हीं सही केली नाहीं तर तुमचे सात लाख लोक जातील कोठें?" यांतून. सारांश, दोघांच्याही हातांतलें शस्त्र एकच होतें, आणि तें दोघांपैकीं एकाचेंही नव्हतें. तें त्या सात लाख लोकांच्या देहांचें होतें.

येथें महाभारतांतील द्यूतसभा आठवल्यावांचून राहत नाहीं. युधिष्ठिर पणामागून पण लावीत गेला व शेवटीं त्यानें द्रौपदीला पणाला लाविलें. सभेंत ओढून आणलेल्या त्या स्त्रीनें अश्रु ढाळण्यापूर्वीं एक प्रश्न विचारला: स्वतःला आधीं हरलेल्या मनुष्यास मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? प्रश्न कायद्याचा होता, आणि भीष्मासारखा वृद्धही धर्माची गति सूक्ष्म आहे असें म्हणून स्वस्थ बसला. परंतु आपण सामान्य वाचक आजवर त्या प्रश्नाचें उत्तर एकाच तऱ्हेनें देत आलों आहों. खेळांत जो बसला नाहीं, फांसे ज्यानें हातीं धरले नाहींत, त्याला पणाला लावण्याचा अधिकार कोणासही नाहीं. मग लावणारा जिंको अथवा हरो. नॉर्थ कॅरोलायनांत कोषाध्यक्ष जिंकते तरी हा प्रश्न उरलाच असता.

मग सरकारनें घासाघीस करूंच नये काय? करावी, परंतु पणाला लावावयाचें तें स्वतःचें. याचीं दोन उदाहरणें अमेरिकेंतच सांपडतात. माँटाना राज्याच्या नोकरांची योजना डबघाईला आली असतां मॅरिलिन बार्टलेट या बाईंनीं तिचा कारभार हातीं घेतला, आणि २०१६ च्या सुमारास इस्पितळांपुढें मेडिकेअरच्या सरासरी २३४ टक्के असा दर ठेविला. योजनेंत सुमारें तीस हजार माणसें होतीं. इस्पितळें कुरकुरत एकेक करून कबूल झालीं. एक मोठें इस्पितळ शेवटपर्यंत अडून राहिलें, तेव्हां कर्मचाऱ्यांच्या संघटनेनें पत्रें व निरोप यांचा वर्षाव करून त्याला वळविलें. येथेंही धोका होताच. पण भेद असा कीं, ज्यांचा देह पणाला लागला होता ते स्वतः सभेंत उभे राहून बोलले.

ऑरेगन राज्यानें याहून पुढचें पाऊल टाकलें. तेथें २०१७ सालीं कायदा झाला कीं, राज्याच्या नोकरांच्या व शाळांच्या कर्मचाऱ्यांच्या योजनांनीं मोठ्या इस्पितळांस मेडिकेअरच्या दराच्या २०० टक्क्यांहून अधिक देऊं नये. आणि यादीबाहेर राहिलेल्या इस्पितळास तर १८५ टक्क्यांहून अधिक मिळूं नये. आडवळणाच्या लहान ग्रामीण इस्पितळांना यांतून वगळण्यांत आलें. दुसऱ्या आंकड्यांत सारी मेख आहे. यादी सोडून जाण्यानें आजवर इस्पितळाचा भाव वाढत असे. या कायद्यानें तो उलट उतरला. रोग्याला ओलीस धरण्यांतला नफाच नाहींसा झाला, मग ओलीस धरील कोण? हा दर लागू झाल्यावर त्याखालीं येणारीं इस्पितळें यादी टाकून गेलीं नाहींत. माणसें सुधारलीं म्हणून नव्हे. मोहाची जागा बुजविली म्हणून. नीतिशास्त्राला हें अपुरें वाटेल, परंतु राज्यकारभाराचें नीतिशास्त्र बहुतांशीं एवढेंच असतें.

यावर एक आक्षेप येतो, व तो वजनदार आहे. रोग्याला पूर्ण संरक्षण दिलें कीं करार मोडण्याची कोणाला भीतीच उरणार नाहीं, इस्पितळ वाटेल तें मागेल आणि सरकार मुकाट्यानें देत राहील. हें खरें आहे. पण तें अर्ध्या संरक्षणाबद्दल खरें आहे. बिल रोग्याच्या अंगावरून काढून सरकारच्या अंगावर टाकावयाचें आणि दराला मात्र बंधन नाहीं, अशी व्यवस्था खजिना रिकामा करील. म्हणून संरक्षणाला दोन पाय हवेत: रोग्याला झळ नाहीं, आणि भांडणाऱ्याला नफा नाहीं.

करार मोडला त्या दिवशीं जे उपचाराच्या मध्यावर असतात त्यांचें काय, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेंत २०२० च्या डिसेंबरांत मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें त्यांची कांहीं सोय केली. तांतडीच्या उपचारासाठीं रोगी यादीबाहेरच्या इस्पितळांत नेला तरी त्याच्याकडून यादींतल्यापेक्षां अधिक वाटा घेतां येत नाहीं. आणि जी स्त्री गरोदर आहे, ज्याच्यावर गंभीर दुखण्याचा उपचार चालू आहे, त्याला करार संपल्यानंतरही नव्वद दिवसांपर्यंत जुन्याच अटींवर त्याच ठिकाणीं उपचार घेतां येतो. यामागचें तत्त्व आपल्याकडील कोणताही नावाडी सांगूं शकेल. काठावर उभें असतांना भाड्याची घासाघीस करावी, न पटल्यास उतारूला दुसरी नाव दाखवावी. परंतु मध्यधारेंत वल्हें खालीं ठेवून भाडें वाढवून मागूं नये. मात्र नव्वद दिवसांनीं सर्वच नावा पैलतीरीं लागतात असें नाहीं. सातव्या महिन्यांतली स्त्री पोंचेल. तिसऱ्या महिन्यांतली पोंचणार नाहीं. कर्करोगाला तर पंचांग वाचतां येत नाहीं. हा कायदा चांगला आहे, पण त्यानें धार रुंद आहे एवढें कबूल केलें. ती ओलांडून देण्याची हमी घेतली नाहीं.

आतां आपल्या घरीं परत येऊं. आपली केंद्र सरकारची आरोग्य योजना १९५४ सालीं दिल्लींत सुरू झाली. मुंबई, पुणें, नागपूर येथेंही तिचे दवाखाने आहेत. खाजगी इस्पितळें तिच्या यादींत येतात व निवृत्तांवर रोख पैसे न घेतां उपचार करितात. मागाहून सरकार त्यांचीं बिलें चुकवितें. येथें दोष बहुधा उलट बाजूनें घडतो. बिलें वेळेवर चुकविलीं जात नाहींत अशी इस्पितळांची जुनी ओरड आहे, आणि २०१४ नंतर उपचारांच्या दरांची मोठी फेररचना व्हावयास २०२५ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. अकरा वर्षांत दुधाचा भाव काय झाला हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. अशा दरांत ज्या इस्पितळास परवडत नाहीं तें यादी सोडणारच. तेव्हां चिक्कूपणा हाही एक जुगारच आहे, आणि त्यांतही पणाला लागतो तो निवृत्ताचाच देह. दराला वरची मर्यादा हवी हें जितकें खरें, तितकेंच दर वेळोवेळीं पाहिला पाहिजे व देणें मुदतींत दिलें पाहिजे हेंही खरें.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें या बाबतींत १३ एप्रिल २०१८ रोजीं एक महत्त्वाचा निर्णय दिला. एका निवृत्त अधिकाऱ्यानें संकटसमयीं यादींत नसलेल्या इस्पितळांत उपचार घेतले होते, व तेवढ्यासाठीं त्याची मागणी नाकारण्यांत आली होती. न्यायालयानें सांगितलें कीं, इस्पितळाचें नांव यादींत नाहीं एवढ्याच कारणास्तव हक्क नाकारतां येणार नाहीं. उपचार खरोखरच घेतला काय, आणि त्याला डॉक्टरांच्या व इस्पितळाच्या कागदपत्रांचा आधार आहे काय, हेंच पाहावयाचें. या निर्णयाचा अर्थ मी असा समजतों: यादी ही वचन पाळण्याची एक सोय आहे; यादी म्हणजे वचन नव्हे. सोय मोडली म्हणून वचन मोडत नाहीं. तें ज्यानें दिलें त्याच्याच माथीं राहतें, आणि दुसरी सोय शोधण्याचें कामही त्याचेंच.

परंतु न्यायालयाचा मार्ग लांबचा आहे, आणि सत्तरीच्या मनुष्यानें आपलेंच देणें मिळविण्यासाठीं तो चालावा अशी अपेक्षा करणें हाही एक प्रकारचा वचनभंगच होय. हक्क मागाहून मिळाला तरी खिडकीपाशीं आज भरावयाचे पैसे आजच लागतात. ज्याच्यापाशीं मोडावयास ठेव आहे तो तरतो. ज्याच्यापाशीं नाहीं तो कार्ड परत पाकिटांत ठेवून जिना उतरतो, आणि त्याची हकीकत कोणत्याही निकालपत्रांत येत नाहीं.

त्या गृहस्थांस मीं या निर्णयाची माहिती दिली. अर्ज करण्याइतके कागद त्यांच्यापाशीं आहेत. तेहेतीस वर्षें त्यांनीं दुसऱ्यांचेच कागद नीट लाविले. ते म्हणाले, "करीन अर्ज. पण मला खरें म्हणजे पैसे परत नकोत. त्या दिवशींचें तें वाक्य परत घ्यावें एवढेंच वाटतें." तें वाक्य परत घेणें आतां कोणाच्याही हातीं नाहीं. मात्र उद्यां त्याच खिडकीपाशीं जो उभा राहील त्याला तें ऐकावें लागूं नये, इतकी तजवीज करणें हें वचन देणाऱ्याच्या हातीं आहे. आणि ती झाली आहे कीं नाहीं हें धडधाकट असतांनाच विचारणें आपल्या हातीं आहे. द्यूतसभेंत द्रौपदीला स्वतःच विचारावें लागलें, आणि वडीलधारे गप्प बसले. आपण त्या सभेंत अजून प्रेक्षकांच्या आसनावर आहों. परंतु आजारपण कोणाचें आसन केव्हां बदलील हें सांगतां येत नाहीं.